पहिले की चांगले?

गेल्या भाऊबिजेला ताईकडे गेलो होतो. फराळाची ताटे अजून उचललीही नव्हती, तोच भाच्याने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण लावले. ताईच्या घरी त्या दुपारी नाट्यपदे ऐकायची, हा जुना शिरस्ता. त्यामुळे यंत्राचा एकसुरी ठेका आणि त्याखाली घशात पाणी खळखळवावे तसा खर्जातला आवाज सुरू होताच वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. पण मिनिटभरातच ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हा भूप ना?"

भूपच होता!

"मामा, हे १९८२ सालचं आहे," भाचा म्हणाला, "शिकागोच्याही पाच वर्षं आधीचं!" त्याच्या बोलण्यात असा काही अभिमान होता, की जणू ती तबकडी त्यानेच काढली होती.

तबकडी चरणजित सिंग यांची. तिचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत ते वाजवीत. अशा वादकांचे सूर घरोघर पोचतात, नावे मात्र पोचत नाहीत. १९८० साली 'कुर्बानी'तल्या गाण्याने डिस्कोचे वेड घरोघर नेले होते. १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला. त्याच वर्षी एच. एम. व्ही.ने ही तबकडी काढली. राग आणि डिस्को, दोन्ही गिऱ्हाइके मिळतील असा हिशेब असावा. प्रत्यक्षात दोन्ही हुकली आणि तबकडी विस्मरणात गेली.

पुढे २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली. २०१० साली त्याने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि युरोपातल्या रसिकांनी कान टवकारले. कारण सिंग यांनी वापरलेली तीन यंत्रे. रोलँड या जपानी कंपनीची ही वाद्ये : सुरावटीसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टी. आर. ८०८ आणि खर्जासाठी टी. बी. ३०३. यांतले तिसरे गिटारवादकांना घरबसल्या साथ मिळावी म्हणून बनवलेले. ते बाजारात पडले आणि जुन्या मालात स्वस्तात विकले जाऊ लागले. शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनी त्याच्या कळा वेड्यावाकड्या फिरवून १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' काढले आणि 'ॲसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा नवा प्रकार जन्मला. आता तोच आवाज पाच वर्षे आधी मुंबईत उमटलेला! काहींना तर ही कोणीतरी अलीकडे केलेली थट्टाच वाटली.

येथपर्यंत गोष्ट मोठी गोड आहे. पण या गोष्टीने एक घोटाळाही करून ठेवला आहे. जो उठतो तो या तबकडीला 'पहिली' म्हणतो. ती 'चांगली' आहे का, हे कोणी विचारीत नाही. पहिलेपणा हा इतिहासाचा गुण, कलेचा नव्हे. त्यातून शिकागोची ती पोरे काही सिंगांची तबकडी ऐकून शिकली नव्हती. ज्याच्या पोटी वंश नाही, त्याला मूळपुरुष कसे म्हणायचे? तेव्हा सनावळी बाजूला ठेवून मी ती तबकडी पुन्हापुन्हा ऐकली.

पाचेक मिनिटांत कसला आला राग, असा पहिला आक्षेप आपल्याकडचा जाणकार घेईल. तो मला मान्य नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या जेमतेम तीन मिनिटांच्या; तरी त्यांनी घराघरांत राग नेला. वेळ थोडा असला की कलावंताला नेमके काय सांगायचे ते ठरवावे लागते. सिंग तर चित्रपटाच्या शिस्तीत वाढलेले. मोजक्या मात्रांत नेमके वाजवून मोकळे व्हायचे, ही त्यांची तालीम. येथेही फापटपसारा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पट्टीवर बसवलेल्या वाद्यात श्रुती कुठून आणायच्या? याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांची पेटी डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. सिंग यांनी तोडी घेतला आहे, पण तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला. यंत्र तो देत नाही, आणि तो नसला की तोडीची व्याकुळताच हरवते. ललतातल्या दोन मध्यमांचेही तसेच. ते एकापाठोपाठ एक येतात खरे, पण पहाटेच्या धूसर उजेडासारखे एकमेकांत विरघळत नाहीत. या दोन ठिकाणी तबकडी फसली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण भूप, कलावती, मालकंस, बैरागी ऐका! हे सगळे पाच स्वरांचे राग. स्वरांमध्ये ऐसपैस जागा, त्यामुळे यंत्राच्या साच्यात ते अवघडत नाहीत. शिवाय या यंत्रांना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. इतरांनी ती गंमत म्हणून वापरली. सिंग यांनी तिच्यात मींड ओळखली. आणि ती खर्जाची आवर्तने? तीच ती सुरावट अखंड फिरत राहते, आणि थोड्या वेळाने आपण ती ऐकेनासे होतो. तिच्यावर जे चालले आहे तेवढेच ऐकू येते. तंबोरा याहून निराळे काय करतो? डिस्कोच्या यंत्रात तंबोरा दडला आहे, हे या माणसाच्या कानाने हेरले. माझ्या मते तबकडीची थोरवी ती हीच. पाच वर्षांची आघाडी नव्हे.

उणीव सांगायची तर एकच मोठी. आपले गाणे चढत जाते; विलंबितातून द्रुतात शिरताना श्रोत्याचा श्वासही बदलतो. येथे ठेका ज्या चालीने निघतो त्याच चालीने थांबतो. राग भेटतो, पण वाढत नाही.

चरणजित सिंग यांना हा उशिराचा मान पाहायला मिळाला. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात जाऊन तरुणांच्या गर्दीपुढे हे राग वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते निवर्तले. ज्या शहरात तबकडी घडली, तेथल्या आपल्या कानांना मात्र ती परदेशातून कळवावी लागली, याची चुटपुट मला लागून राहिली आहे. आपण तिला वाईट म्हटले असते तरी चालले असते. आपण ती ऐकलीच नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अशा किती तबकड्या रद्दीत जात असतील! वाचकहो, टाकण्याआधी एकदा ऐकून तरी पाहा.

यंदाच्या भाऊबिजेला भाचा विचारणारच, "मग मामा, चांगली की नुसती पहिली?" माझे उत्तर ठरले आहे. "तोडी राहू दे. मालकंस लाव, आणि आवाज जरा वाढव."