प्रकाशाची उतरंड

कार्ल्याच्या चैत्यगृहात जो प्रकाश येतो तो मुख्यतः दर्शनी भिंतीतील नालाकृती गवाक्षातून येतो, छताच्या लाकडी फासळ्यांखालून आत शिरून टोकाच्या स्तूपावर विसावतो, आणि दोन्ही बाजूंच्या स्तंभांमागील अरुंद वीथींना मात्र अंधारातच ठेवतो, हे तेथे घटकाभर उभे राहिलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. असे असता गेल्या काही वर्षांत दिनदर्शिकांवर आणि हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनांत या लेण्याची जी चित्रे झळकत आहेत, त्यांत त्या वीथी, तो स्तूप, गवाक्षाबाहेरचे आकाश आणि स्तंभावरचा एकूण एक टवका ही सर्व मंडळी एकाच दर्जाने उजळलेली आढळतात. किंबहुना कित्येक चित्रांत आकाश राखी आणि स्तंभ पांढरा, असा उलटा न्याय झालेला दिसतो. या प्रकारास एचडीआर म्हणतात, आणि त्यावर बक्षिसे मिळतात, ही बाब मला मुकाट्याने सोसवत नाही.

दृश्यातील उजेडाचा विस्तार कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असला, तर दोन-दोन स्टॉपांच्या अंतराने तीन अथवा पाच एक्स्पोजर घ्यावीत आणि ती संगणकावर एकवटावीत, ही तजवीज वाचकांच्या परिचयाची आहे. पॉल देबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये या एकवटण्याची जी गणिती रीत मांडली, तिचा हेतू दृश्यातील प्रत्येक बिंदूच्या तेजाचे मोजमाप करणे हा होता, आणि मोजमाप म्हणून ती निर्दोष आहे. अनर्थ तेथून पुढे घडला. मोजलेला तो अफाट विस्तार कागदाच्या तुटपुंज्या विस्तारात बसवण्यासाठी जे टोन मॅपिंग करावे लागते, त्यातील स्थानिक पद्धती प्रत्येक बिंदूची किंमत त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहून ठरवतात. त्यामुळे काळ्या कड्याला लागून असलेले आकाश अकारण उजळते आणि कड्याभोवती ते सुप्रसिद्ध प्रभावलय उभे राहते. फोटोमॅटिक्स या सॉफ्टवेअरच्या सरकपट्ट्या शेवटपर्यंत ओढणाऱ्यांनी या दोषालाच शैली मानले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

लिहावे ते छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रेविषयी. त्याच्या काळची कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फाजील संवेदनशील असल्याने समुद्र नीट यावा तर आकाश कोरे पांढरे पडे. यावर तोड म्हणून त्याने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जुळवून छापल्या, आणि सेत येथील १८५७ ची ती प्रचंड लाट आज पाहतानाही सांधा मुद्दाम शोधल्यावाचून सापडत नाही. परंतु माझ्या मते त्याची थोरवी सांधा लपवण्यात नाही; ढगांना आकार बहाल करताना त्याने समुद्राची गडदी कायम ठेवली, आकाश उजळ आणि पाणी काळसर ही निसर्गाने रचलेली उतरंड ढळू दिली नाही, यात आहे. रेलँडर आणि रॉबिन्सन यांनीही त्याच सुमारास निगेटिव्ह जोडल्या, पण त्यांनी नाटके जोडली.

ल ग्रेच्या कुळाचा आजचा खरा वारस मला एक्स्पोजर फ्यूजनमध्ये दिसतो. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली ही रीत तेजाचा नकाशा करण्याच्या भानगडीत पडतच नाही. प्रत्येक एक्स्पोजरमधील बिंदूचा उठाव, रंगाची संपृक्तता आणि तो मध्यम करड्याच्या किती जवळ आहे या तीन गोष्टी पाहून ती त्याला वजन देते, आणि मग बर्ट व एडल्सन यांच्या १९८३ च्या पिरॅमिडच्या युक्तीने स्थूल रूपे स्थूलांत व सूक्ष्म सूक्ष्मांत अशी मिसळते की शिवण उरत नाही. एन्फ्यूज ही तिची मोफत आवृत्ती ज्यांनी संयमाने वापरली, त्यांच्या घरांच्या अंतर्भागांत खिडकी खिडकीसारखी प्रखर आणि कोपरा कोपऱ्यासारखा मंद राहतो. तिसऱ्या कसोटीत धोका आहेच, कारण सर्वांना मध्यम करड्याकडे ओढण्याची तिची प्रवृत्ती मोकळी सोडली तर चित्र मचूळ होते. म्हणून जे कलावंत त्या कसोटीचे वजन घटवतात, किंवा यंत्राला रजा देऊन फोटोशॉपमध्ये मास्क रंगवत कोणता भाग कोणत्या एक्स्पोजरमधून घ्यावयाचा याचा निवाडा स्वतः करतात, ते मला सर्वांत वरचे वाटतात. मोबाइल हे काम कोणाला न विचारता उरकतो. तेथे निवाडाच नाही, मग समीक्षा कशाची?

एचडीआरच्या वकिलांची ठरलेली कैफियत अशी की, डोळ्याला आतले आणि बाहेरचे दोन्ही दिसते, तेव्हा चित्रातही दोन्ही दिसावे. डोळ्याला दिसते खरे, पण आळीपाळीने! गवाक्षाकडे पाहिले की वीथी बुडते, आणि वीथीत नजर रुळली की गवाक्ष दिपवू लागते. या दोन क्षणांची बेरीज करून तिला दर्शन म्हणणे ही शुद्ध अफरातफर आहे. आणि आळीपाळीने पाहतानाही स्तंभ आकाशाहून तेजस्वी आहे असे कोणत्या डोळ्याने कधी सांगितले? तपशील जितका अधिक तितके चित्र श्रेष्ठ, हा जो समज या कैफियतीच्या बुडाशी आहे, तोच मला मुळात नामंजूर आहे. ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये हर्नांडेझ येथील चंद्रोदय टिपला, तेव्हा वरच्या आकाशात ढगांचे विरळ पट्टे होते आणि आरंभीच्या प्रतींत ते दिसतातही. पुढे वर्षानुवर्षे त्याने आकाश अधिकाधिक जाळत नेऊन ते पट्टे काळ्यात बुडवले. निगेटिव्हवर असलेला तपशील त्याने बुद्ध्या फेकून दिला. आमच्या परीक्षकांसमोर ती प्रत आली असती, तर सावल्यांत माहिती नाही असा शेरा मारून त्यांनी ती परत धाडली असती.

तेव्हा या परीक्षकांनी निदान एवढा दस्तूर पाडावा, की मिसळलेल्या प्रत्येक चित्राबरोबर त्याचे मधले, न मिसळलेले एक्स्पोजरही मागवावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत; न मिसळलेल्यात जे सर्वांत उजळ होते ते मिसळलेल्यात खाली उतरलेले आढळले, तर चित्रकाराने त्याचा जबाब द्यावा, आणि सॉफ्टवेअरने तसे केले हा जबाब घेऊ नये.