लवचिक व्यवसाय माहिती प्रणाली : एक चिकित्सा

व्यवसाय माहिती प्रणालींविषयीच्या लेखनात ‘लवचिकता’ हा शब्द सरसकट गुणवाचक म्हणून येतो. परंतु प्रणाली कोणत्या प्रकारच्या बदलापुढे लवचिक आहे, हे सांगितल्याखेरीज त्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. वस्तू व सेवा कराची (जीएसटी) दोन स्थित्यंतरे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्के कर असलेल्या बहुसंख्य वस्तू प्रामुख्याने ५ व १८ टक्क्यांच्या दरांत आल्या. जेथे दर आज्ञावलीत कोरलेला नसून स्वतंत्र कोष्टकात, लागू होण्याच्या तारखेसह नोंदलेला होता, तेथे हा बदल पेलणे अवघड नव्हते. यात तारीख महत्त्वाची. ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघते. जुना दर पुसून त्या जागी नवा लिहिणारी प्रणाली येथे अडते.

१ जुलै २०१७ चे स्थित्यंतर मात्र निराळ्या जातीचे होते. व्हॅटमध्ये करआकारणीचा आधार ‘विक्री’ हा होता. जीएसटीत तो ‘पुरवठा’ झाला. पुण्याच्या कारखान्यातून बंगळुरूच्या स्वतःच्याच गोदामात माल पाठविणे ही पूर्वी विक्री नव्हती; ‘एफ’ नमुना सादर केला की केंद्रीय विक्रीकर लागत नसे. आता त्याच हालचालीवर एकात्मिक कर आला. ज्या प्रणालीत कराचे गणित केवळ विक्रीच्या बिलाला जोडलेले होते, तिच्या मालहस्तांतराच्या नोंदीत कराला रकानाच नव्हता. दरांच्या कोष्टकात कितीही फेरफार केले तरी तो निर्माण होत नाही. (हाताने लिहिलेल्या खतावणीत मुनीम नवा रकाना आखून मोकळा होई, त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा त्यालाच ठाऊक असे.)

‘सर्व काही सेटिंगमधून बदलता येते’ हा विक्रेत्यांचा दावा म्हणूनच अपुरा वाटतो. सेटिंगमधील पर्याय म्हणजे रचनाकाराने आधीच कल्पिलेले बदल. शिवाय परस्परांपासून स्वतंत्र असे केवळ वीस होय-नाही पर्याय घेतले, तरी त्यांचे दहा लाखांहून अधिक संयोग होतात. ते सर्व तपासून पाहणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. खरेदीपूर्व प्रात्यक्षिकात दर बदलून दाखविण्यावर समाधान मानू नये. पूर्वी अस्तित्वात नसलेला एखादा व्यवहारप्रकार उभा करून दाखवावयास सांगावे, आणि त्यानंतर मागील वर्षाचे बिल जुन्याच दराने पुन्हा छापून घ्यावे.