भंगाराला रंग कशाला?

पिंपरी-चिंचवडच्या शिल्पकलेचा आढावा घ्यायला बसलं की एक गोष्ट लगेच खटकते. इथे माल उदंड आहे, शिल्प मात्र तुरळक. पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पत्थर आहे. मोशीच्या खाणींत तो फुटतो, क्रशरमधून खडी होऊन बाहेर पडतो. भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये लेथखाली बुरादा साचतो, प्रेसखाली भोकं पडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. असला माल वर्षानुवर्षं कुदळवाडीच्या भंगार गोदामांत जायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे महापालिकेचा बुलडोझर फिरला. तरी माल काही आटला नाही, आणि तो जोडणारे वेल्डर तर गल्लोगल्ली.

चौकात मात्र पुतळे. निगडीच्या भक्ती-शक्ती शिल्पाचं काम स्मरणाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘टाकाऊतून टिकाऊ’ छापाच्या शिल्पांबद्दल. दिल्लीत २०१९ मध्ये भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी राहिली आणि तसलं काहीतरी प्रत्येक शहराला हवंसं झालं. चेन, स्प्रॉकेट, गिअर जोडून मोर करायचा, वर सोनेरी रंग मारायचा. कारागिरी चोख असते, नाही असं नाही. पण स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजलेले असतात, कुणाच्या तरी पाळ्यांचा तो हिशेब असतो, आणि नेमका तोच रंगाखाली जातो. उरतो मोर. मोर काय, मातीचाही झाला असता.

याच्या उलट वाट प्रभाकर पाचपुते यांची. जन्म १९८६, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती, घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीशी बांधलेल्या. खैरागढ आणि बडोद्यात ते शिल्पकला शिकले, आता पुण्यात राहतात. त्यांचं मुख्य साधन चारकोल, म्हणजे चित्रकाराचा कोळसा. त्याने ते थेट भिंतीवर माणसं काढतात. कुणाच्या धडावर डोक्याऐवजी अवजार, कुणाचं अर्धं अंग यंत्राचं. इथे कोळसा दुसऱ्या कशाचं सोंग घेत नाही; हात काळे करणारी वस्तूच गोष्ट सांगते. खाणीने पोखरलेली जमीन त्यांच्या चित्रांत देखावा म्हणून येत नाही, ती जखमी पात्र म्हणून येते. २०२१ चा ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत ते होते. गोव्यात कलावंत सुबोध केरकर शिंपले आणि जुन्या होड्या घेऊन समुद्राशी असंच नातं जोडतात, जरा अधिक देखणं, म्हणून मला किंचित कमी बोचणारं.

वस्तूलाच बोलू देण्याची ही जाण आपल्या पट्ट्यात नवी नाही. देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराची लेणी याच काळ्या पत्थरातून कोरली, दगड काढून टाकत. मोशीची खाणही दगड काढूनच झाली. तिच्या उभ्या कड्यात लाव्हाचे थर उघडे पडले आहेत, तिकडे शिल्पकाराच्या नजरेने बघायला कुणी गेल्याचं दिसत नाही.

तेव्हा महापालिकेला विनंती एवढीच: पुढच्या चौकाचं टेंडर काढण्याआधी शिल्पकाराला महिनाभर खाणीत आणि शॉपमध्ये फिरू द्या, आणि अंदाजपत्रकातून सोनेरी रंगाचा डबा वगळा.