आवाज फाटू दे, शब्द फाटता कामा नये

सतारीवर समीक्षा लिहिली जाते. बेंजोवर तक्रार लिहिली जाते, आणि तीही पोलीस चौकीत. आपल्याकडचं सौंदर्यशास्त्र एवढ्यात आटपतं.

१४ एप्रिलला चेंबूरच्या वस्त्यांतून, सिद्धार्थ कॉलनीत, घाटल्यात आणि पुढे गोवंडी-मानखुर्दकडे, टेम्पोवर बेंजो पार्टी वाजत असते. एक बेंजो, एक कीबोर्ड, ताशे, ढोल, दोन-चार भोंगे, मागे जनरेटर. बाल्कनीतला माणूस खिडकी लावून घेतो आणि म्हणतो, 'काय हा फाटका आवाज!' टेम्पोवरचा आपला पोरगा मशीनचं बटण उजवीकडे पिरगाळतो आणि म्हणतो, 'अजून फाडू.' दोघांच्या तोंडी शब्द एकच. पण मशीनच्या आत दोघांपैकी एकानंही डोकावलेलं नाही. आवाज कसा लागतो हे गळ्याइतकंच सर्किट ठरवतं, आणि सर्किट कुणीतरी लावलेलं असतं. म्हणून आज आत डोकावू.

आधी वाद्य. आपला बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. लाकडी पेटी, पोलादी तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं आणि मुंबईच्या रस्त्यावर बेंजो. याला गंडा बांधावा लागत नाही, घराणं लागत नाही. बटणाखाली सूर ठरलेला असतो. कामावरून आलेला पोरगा सहा महिन्यांत गाणं वाजवू लागतो. अभिजातवाल्यांच्या दृष्टीनं हाच याचा पहिला गुन्हा.

बेंजोचा स्वतःचा आवाज खोलीपुरता. रस्त्यावर आणायचा तर तारेखाली पिकअप लागतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत इवलीशी वीज उठते, व्होल्टच्या अंशाएवढी. मशीन ती वाढवतं. पण कुठलंही मशीन आपल्याला मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा उंच उडी मारू शकत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवरचं सर्किट ९ व्होल्टच्या पलीकडे लाट नेणार कुठून? त्याहून मोठी लाट काढायला लावली की छताला लागून तिचं डोकं छाटलं जातं. गुळगुळीत लाट सपाट माथ्याची होते. आपण म्हणतो, आवाज फाटला.

फाटला म्हणजे काय झालं? मूळ सुरात नसलेले सूर जन्माला आले. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर घ्या आणि लाट वरून-खालून सारखी छाटा. तिप्पट, पाचपट, सातपट, म्हणजे १३२०, २२००, ३०८० कंपनांचे सूर त्याला फुटतात. एकाच बाजूनं जास्त छाटली तर दुप्पट, चौपटही येतात. माणसाचा कान २००० ते ४००० कंपनांच्या आसपास सगळ्यात तिखट असतो. म्हणजे छाटलेला बेंजो बरोबर तिथे जाऊन टोचतो, जिथे ताशाच्या गदारोळातही तो ऐकू येईल. आणखी एक. छेडलेली तार लगेच विझते. पण लाट छताला लागलेली असली की सुरुवातीचा जोर आणि नंतरचा उतार यांतला फरक मिटतो, सूर लांबतो, आणि तार गळ्यासारखी गाऊ लागते. याला बिघाड म्हणायचं की वाद्याला मिळालेला नवा गळा?

आता अभिजातवाल्यांना एक प्रश्न. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय? रुंद, किंचित उतार दिलेली घोडी, खाली सरकवलेला दोरा, त्यावर तार घासत, टेकत, सुटत राहते आणि मूळ सुरावर झणझणीत वरच्या सुरांचं जाळं उठतं. चंद्रशेखर रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर शास्त्रीय लेख लिहिला. जवारी काढणारे मिरजेचे कारागीर नावाजलेले, आणि तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर तार घासून उठलेली झणझण नादब्रह्म आणि सर्किटात लाट छाटून उठलेली झणझण कलकलाट, हे कुठल्या कानानं ठरवलं? दोन्हींचा आवाज सारखा नाही, हे मान्य. पण साध्या सुरातून जास्तीचे सूर उठवायचे, ही कामगिरी दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो खोलीत कोण बसलंय आणि रस्त्यावर कोण उभं आहे याचा. आपल्या कवितेलाही हेच ऐकावं लागलं. 'गोलपिठा' १९७२ साली आला, त्यानंतर दलित कवितेला आक्रस्ताळी, आरडाओरडा करणारी म्हणणाऱ्यांची रांग लागली. त्यांनी आवाजाची पट्टी मोजली. आवाज फाटला कशामुळे, ते विचारलं नाही.

जगात हे आधी होऊन गेलंय. १९५१ साली मेम्फिसमध्ये आइक टर्नरच्या काळ्या वादकांच्या बँडनं 'रॉकेट ८८' रेकॉर्ड केलं. मिसिसिपीहून येताना वाटेत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला आणि स्पीकरच्या कागदात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून काम भागवलं, असं सांगतात. त्यातून आलेला फाटका आवाज अनेकांच्या मते रॉक संगीताच्या पहिल्या खुणांपैकी एक. पुढे कंपन्यांनी हाच बिघाड डबीत भरून विकला. १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' आला, १९६६ साली 'फझ फेस', १९७८ साली बॉसचा नारिंगी 'डीएस-१'. आत असतं काय? दोन-चार ट्रान्झिस्टर किंवा एखादी चिप, आणि पुढच्या काळातल्या बहुतेक डब्यांत लाट छाटणारे डायोड. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला दार उघडतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास. सिग्नलची वाट डायोडनं सरळ जमिनीला जोडली तर धार कडक येते. तोच डायोड अ‍ॅम्प्लिफायरच्या उलट फिरणाऱ्या वाटेत बसवला तर कड गोल होते, आवाज मऊ फाटतो. जिमी हेंड्रिक्सनं १९६९ साली वुडस्टॉकला फाटक्या गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. आज त्याला कला म्हणतात, त्यावर पुस्तकं निघतात. आपल्याकडे २०१६ साली रवी जाधवांचा 'बँजो' सिनेमा आला, तर त्यातल्या बेंजोवाल्याची किंमत ओळखायला न्यूयॉर्कची बाई यावी लागली! गल्लीतल्या कानाला किंमत नाहीच.

इथपर्यंत टेम्पोवरचा पोरगा खूश असेल. आता त्याच्याशी बोलायचं आहे.

गड्या, बेंजो फाड. तो एका वेळी एकच सूर चालवतो, त्याला फाटणं मानवतं. पण तू त्याच मशीनमध्ये गायकाचा माईक खुपसतोस, त्याच मशीनमध्ये कीबोर्ड, त्यातच ताशाचा माईक, आणि वर सगळं फाडतोस. तेव्हा आत काय होतं ते ऐक. छाटणाऱ्या सर्किटात दोन सूर एकत्र घातले की ते नुसते शेजारी राहत नाहीत, त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर उठतात. २०० आणि ३०० घातले तर १०० आणि ५०० पण येतात. सा आणि प यांचं नातं असंच दोनास तीनचं, म्हणून ते नवे सूर खपून जातात. रॉकवाले गिटार जोरात फाडताना बहुतेक वेळा सा आणि प एवढेच का धरतात, त्याचं हे कारण. पण गायकाचा गळा आणि बेंजो यांचं नातं क्षणाक्षणाला बदलतं, आणि ताशाला तर ठरलेला सूरच नाही. मग जे उठतं ते ना गायकाचं, ना बेंजोचं, ना ताशाचं. नुसता चिखल. त्या चिखलात पहिला बुडतो तो शब्द.

आणि आपल्याकडे शब्द बुडणं ही साधी गोष्ट नाही. बाबासाहेबांनी १९२० साली काढलेल्या पहिल्या पत्राचं नाव 'मूकनायक' होतं. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले ते ढोलकी, तुणतुणं आणि उघड्या गळ्यावर. वामनदादा कर्डक २००४ साली गेले तोवर त्यांची गाणी वस्तीच्या तोंडी बसली होती. चालीनं गाणं खेचून आणलं हे खरं, पण टिकलं ते त्यातल्या विचारानं. वर्षानुवर्षं ज्यांना बोलू दिलं नाही, त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत गाणारा काय म्हणतोय तेच कळू नये? हे कुण्या बाल्कनीवाल्यानं केलेलं नाही. हे आपण आपल्या बटणांनी करतो आहोत.

भोंग्याला लोक हसतात. पण भोंगा काय करतो बघा. साधारण ३०० कंपनांच्या खालचं तो फारसं देतच नाही आणि फार वरचंही कापतो. पुरुषाच्या गळ्याचा मूळ सूर १०० ते १५० च्या आसपास, तो भोंग्यातून जवळजवळ गायब. तरी आपल्याला गायक ओळखू येतो, कारण वरच्या सुरांवरून कान मूळ सूर स्वतःच जुळवून घेतो. आणि क, ट, त, स, श ही व्यंजनं, ज्यांच्यावर शब्दाचा अर्थ उभा असतो, त्यांचा बराचसा मजकूर २००० च्या वर असतो. भोंगा नेमका तोच भाग फेकतो. भोंगा कानाला गोड नाही, पण शब्दाशी इमानदार आहे. त्याच्या जागी आता डीजेच्या भिंती आल्या. त्यांचा सगळा जोर ४० ते १०० कंपनांवर, छातीत धडधडणाऱ्या बासवर. जड खालचा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, हा कानाचाच धर्म आहे. डीजेच्या भिंतीपुढे छाती हलते, डोकं हलत नाही. शिवाय बास भिंतींना जुमानत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एप्रिलची परीक्षा देणारं आपलंच पोर बसलेलं असतं, दमेकरी आपलीच म्हातारी असते. २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तो कायदा आपल्याच दारात काठी घेऊन आधी येतो, हेही खरं. पण काठीचा राग त्या म्हातारीवर काढू नका.

'पण साहेब, जोर पाहिजे ना!' पाहिजे. तर जोराचा हिशोब ऐक. वॅट दुप्पट केले तर वाढतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. १०० चं मशीन २०० चं केलंस तर भाडं वाढलं, जोर नाही. उलट पूर्ण छाटलेली चौकोनी लाट त्याच उंचीच्या गुळगुळीत लाटेच्या दुप्पट ताकद भोंग्याच्या युनिटात ओतते. युनिट जळतं आणि भरपाई वर्गणीतून जाते.

मग करायचं काय? बेंजोला त्याचं वेगळं मशीन आणि वेगळा भोंगा द्या. फाडायचं ते तिथे फाडा. गायकाच्या माईकला दुसरं मशीन, आणि त्याचा लाल दिवा सतत पेटता कामा नये. माईकचं बासचं बटण खाली आणा. लाटेत सगळ्यात जाड भाग बासचा, तोच आधी छताला लागतो आणि पाठीवरच्या बारीक व्यंजनांना घेऊन फाटतो. हे शहाणपण गिटारवाल्यांच्या डब्यातही आहे. इबानेझच्या 'ट्यूब स्क्रीमर'मध्ये ७२० कंपनांच्या खालचा भाग छाटण्याआधीच कमी केलेला असतो. एको बंद करा. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडली की दोन्ही गेले. गायकाची ओळ चालू असताना ताशानं हात आवरायचा. हे सर्किटाच्या हातात नाही, ताशेवाल्याच्या हातात आहे.

आणि तपासायचं कसं? मशीनजवळ उभं राहून काही कळत नाही, तिथे सगळंच दणदणीत. गाणं माहीत नसलेल्या एका पोराला वही-पेन देऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. गायक काय म्हणतो ते ओळ न ओळ त्यानं लिहून आणायचं. वहीत गाणं उतरलं तर मिरवणूक काढा. वही कोरी आली तर आधी माईकची बटणं उतरवा, आणि पुन्हा त्याला टोकाला पाठवा.