प्रकाश आणि प्रवाह : ऑप्टोफ्लुइडिक्सच्या दाव्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

दोन विज्ञानशाखा एका चिपवर शेजारी मांडणे आणि त्यांचा खरा मेळ घालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्यांतून द्रव खेळवणारे मायक्रोफ्लुइडिक्स आणि चिपवर प्रकाशाला वाट आखून देणारे फोटॉनिक्स यांच्या संयोगास 'ऑप्टोफ्लुइडिक्स' असे म्हणतात. डेमेट्री साल्टिस, स्टीफन क्वेक व चांगह्युई यांग यांनी २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेला लेख हा या शाखेचा जाहीरनामाच म्हणता येईल. त्यातील अपेक्षा कितपत सार्थ ठरल्या, आणि संवेदकांच्या क्षेत्रात हा संयोग कोठे अपुरा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जाहीरनाम्याचे बळ

या लेखाची मूळ कल्पना सोपी व मार्मिक आहे. काचेचे भिंग एकदा घडले की घडले. परंतु उपकरणाचा प्रकाशीय भाग द्रवाचा असेल, तर द्रव बदलताच उपकरणाचा गुणधर्मही बदलता येतो. शिवाय परस्परांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमधील सीमापृष्ठ स्वभावतःच अत्यंत गुळगुळीत असते. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००४ मध्ये असा प्रकाशमार्ग दाखवला होता. त्यात जास्त अपवर्तनांकाच्या द्रवाची धार मध्ये आणि कमी अपवर्तनांकाच्या द्रवाच्या धारा दोन्ही बाजूंना वाहतात, आणि प्रवाहाचा वेग बदलून प्रकाशाची वाट बदलता येते. येथे द्रव हाच प्रकाशीय घटक असल्याने दोन्ही शाखा एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. मात्र हा मार्ग टिकवण्यासाठी द्रव अखंड वाहता ठेवावा लागतो, आणि तो वाहता ठेवणारा पंप बहुधा चिपच्या बाहेर, टेबलावरच असतो. चिप लहान झाली तरी तिचा संसार लहान होत नाही, ही या शाखेची पहिली मर्यादा होय.

संवेदकाचे गणित

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये अवघ्या ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या सिलिकॉन वलयाचा जैवसंवेदक सादर केला. वलयाच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे रेणू चिकटले की वलयात ज्या तरंगलांबीस संस्पंदन होते ती किंचित सरकते. हे सरकणे मोजून रेणूंची उपस्थिती कळते. तथापि वलयाबाहेर डोकावणारे प्रकाशाचे क्षीण क्षेत्र काही शे नॅनोमीटरपलीकडे पोहोचत नाही, तर वरून वाहणाऱ्या द्रवाची वाहिनी सहसा दहापट-शंभरपट खोल असते.

अशा वाहिनीत भोवरे निर्माण होत नाहीत. १०० मायक्रोमीटर रुंदी आणि सेकंदाला १ मिलिमीटर वेग धरल्यास पाण्याचा रेनॉल्ड्स अंक ०.१ च्या आसपास येतो. म्हणजे प्रवाह पूर्णतः स्तरीय राहतो. मध्यम आकाराच्या प्रथिनाला केवळ विसरणाने १०० मायक्रोमीटर अंतर कापण्यास सुमारे १०० सेकंद लागतात. तोवर द्रव १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. अर्थात, बहुसंख्य रेणू संवेदकाला न भेटताच बाहेर पडतात.

याहून बोलके गणित रेणूंच्या संख्येचे आहे. 'फेम्टोमोलर शोधनमर्यादा' आणि 'नॅनोलिटर नमुना' ही दोन्ही विशेषणे अनेकदा एकाच चिपला लावली जातात. परंतु एक फेम्टोमोलर द्रावणाच्या एका नॅनोलिटरमध्ये सरासरी ०.६ रेणू असतो. जेथे रेणूच नाही तेथे सर्वोत्कृष्ट प्रकाशयंत्रही काय मोजणार? शीहान व व्हिटमन यांनी २००५ मध्ये आणि स्क्वायर्स, मेसिंजर व मनालिस यांनी २००८ मध्ये हाच मुद्दा तपशीलवार मांडला : संवेदक कितीही तीक्ष्ण असला, तरी रेणू त्याच्यापर्यंत किती वेगाने पोहोचतात यावर त्याची खरी क्षमता ठरते. ही चेतावणी उपलब्ध असूनही अनेक शोधनिबंधांत अपवर्तनांकातील सूक्ष्मतम बदलाचा आकडाच यशाचे प्रमाण मानला जातो, हे खेदजनक आहे.

दाव्यांची कसोटी

कॅल्टेकमधील संशोधकांनी २००७ मध्ये सिलिकाच्या सूक्ष्मकड्याच्या साहाय्याने एकेक रेणू ओळखल्याचे जाहीर केले आणि त्याचे स्पष्टीकरण उष्णतेमुळे होणाऱ्या अपवर्तनांक-बदलाच्या आधारे दिले. २०१० मध्ये स्टीफन आर्नल्ड व सहकाऱ्यांनी हा उष्मीय परिणाम नोंदलेल्या बदलाच्या मानाने फारच तोकडा असल्याचे दाखवले. अतिसंवेदनशीलतेचा दावा जितका मोठा, तितकी त्याची यंत्रणा काटेकोरपणे तपासावी लागते, हा या वादाचा धडा होय. सिलिकॉन वलयाचे संस्पंदन तर एका अंशाच्या तापमानबदलाने ७० ते ८० पिकोमीटर सरकते. प्रथिनामुळे येणारा बदल पुष्कळदा याहून कितीतरी लहान असतो. म्हणूनच प्रथिनाला न चिकटवणारे संदर्भवलय शेजारी ठेवावे लागते. त्यातही स्वच्छ क्षारद्रावणातील निकाल आणि रक्तरसातील निकाल यांत मोठे अंतर असते, कारण रक्तरसातील इतर प्रथिनेही पृष्ठभागाला चिकटतात.

याउलट होल्गर श्मिट व आरन हॉकिन्स यांच्या गटांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले इबोला विषाणूविषयीचे काम आश्वासक वाटते. त्यांच्या चिपमध्ये प्रकाश आणि द्रव एकाच पोकळ मार्गातून जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विषाणूचे आरएनए रेणू आधी वेगळ्या मायक्रोफ्लुइडिक चिपवर निवडून व एकवटून घेतल्यामुळे प्रवर्धनाशिवाय ते ओळखता आले. या यशातील अर्धा वाटा प्रकाशाचा, तर अर्धा नमुना तयार करणाऱ्या द्रवव्यवस्थेचा आहे.

समारोप

ऑप्टोफ्लुइडिक्सची कल्पना फसलेली नाही. तिचे मोजमाप एकांगी झाले आहे. द्रवाला केवळ नळकाम मानून प्रकाशाची बाजू धारदार करत राहिल्यास चांगले आकडे मिळतील, परंतु रुग्णाच्या उशाशी चालणारे उपकरण मिळणार नाही. नमुन्याचे आकारमान, रेणूंची वाहतूक, लागलेला वेळ आणि चिपबाहेरील साधने यांचा हिशेब प्रत्येक शोधनिबंधात शोधनमर्यादेच्या शेजारी दिला जावा. भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र या विभागांना एकत्र बसवणारा हा विषय आहे. तो शिकवतानाही वलयाचे संस्पंदन आणि रेणूचे विसरण ही दोन्ही गणिते एकाच फळ्यावर मांडली गेली, तरच आंतरविद्याशाखीय या शब्दाला अर्थ राहील.