सोन्याचा पिंजरा : एका जुन्या ग्रंथाचे पुनर्वाचन

'सोन्याचा पिंजरा' ही प्रतिमा मराठी वाचकाला नवी नाही. श्रीमंत सासर, संस्थानी चाकरी, पेन्शनीची नोकरी अशा कितीतरी गोष्टींना आपण ती लावत आलो आहोत. डॉ. हिल्डे ब्रूख यांनी ती एका आजाराला लावली. त्यांचा 'द गोल्डन केज' हा ग्रंथ १९७८ साली हार्वर्ड विद्यापीठाने प्रकाशित केला. विषय आहे अनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने अन्न तोडत तोडत देह झिजवणारा मनोविकार. ज्या घरांतली मुले-मुली महाविद्यालयात जात आहेत, त्या घरांत हा ग्रंथ आजही वाचला जावा असे आम्हांस वाटते. मात्र तो जसाच्या तसा स्वीकारावा असे वाटत नाही.

ब्रूखबाई स्वतः स्थलांतरित. १९०४ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्म, १९३३ साली देशत्याग, पुढे अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रथम अभ्यास केला तो स्थूल मुलांचा. त्यांतली बरीच मुले परदेशांतून येऊन वसलेल्या कुटुंबांतली होती, आणि तिथे आईची माया ताटातूनच व्यक्त होत असे. आपल्यासारख्या परप्रांतांत स्थिरावलेल्या वाचकांना ही नोंद ओळखीची वाटेल.

ग्रंथाचे खरे बळ ब्रूख यांच्या कानात आहे. रुग्ण मुलगी काय खाते यापेक्षा ती काय बोलते याकडे त्यांचे लक्ष. एका मुलीने त्यांना सांगितले, की आपण साधी चिमणी असून सोन्याच्या पिंजऱ्यात राहतो. या वैभवाला आपण शोभत नाही आणि मनासारखे उडताही येत नाही. ग्रंथाचे नाव इथूनच आले. ब्रूख यांचे निदान असे, की ही मुलगी बहुधा घरातली सर्वांत गुणी मुलगी असते : आज्ञाधारक, अभ्यासू, कधी त्रास न देणारी. तिला सारे काही मिळालेले असते, पण 'तुला काय हवे?' हे कुणी विचारलेले नसते. अखेर केवळ आपला देह आपल्या ताब्यात आहे असे तिला वाटते आणि त्यावर ती सत्ता गाजवते. हट्टीपणा किंवा नटवेपणा म्हणून जे झटकले जात होते, त्यामागचे दुःख या विवेचनाने दाखवून दिले.

आता मर्यादा. पहिली 'सोन्या'ची. ब्रूख यांच्यासमोर मुख्यतः पाश्चात्त्य, सुस्थितीतल्या घरांतल्या मुली होत्या. फिजी बेटांवर चित्र वेगळे होते. तिथे भरदार अंगाचे आणि पोटभर जेवण्याचे कौतुक होते. १९९५ साली तेथील एका भागात दूरचित्रवाणी नुकतीच पोहोचली असताना डॉ. अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरवण्यासाठी उलटी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ साली तशाच वयाच्या मुलींत हे प्रमाण ११.३ टक्के भरले. म्हणजे पिंजरा सोन्याचाच असावा लागतो असे नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. ब्रूख यांच्या लेखनात पिंजऱ्याची किल्ली घरच्यांकडे, विशेषतः आईकडे असल्याचा सूर आहे. १९८७ साली लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातील संशोधकांनी उपचारांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांचा आजार लहान वयात जडलेला आणि फार जुना झालेला नव्हता, त्या रुग्णांना आई-वडिलांना सोबत घेऊन केलेले उपचार अधिक लाभले. आरोपी ठरवलेले घरच इथे औषधाला आले.

तिसरी मर्यादा काळाची. भरमसाट खाऊन मग उलटीने ते बाहेर काढणाऱ्या बुलिमिया नर्व्होसा या विकाराला डॉ. जेरल्ड रसेल यांनी नाव दिले ते १९७९ साली. यातील रुग्ण पुष्कळदा दिसायला ठणठणीत असतो. केवळ खंगलेल्या देहाकडे पाहणाऱ्या वाचकाला वसतिगृहातला हा विद्यार्थी दिसणारच नाही. मुलगा असेल तर त्याहून नाही.

पण ब्रूख यांच्या कानाचा धडा या मर्यादांनंतरही उरतो. म्हणून आपल्या बोलण्याकडे वळू. बारीक मुलगी 'चवळीची शेंग', किरकोळ अंगाचा मुलगा 'काडीपैलवान', थोडी भरलेली ती 'खात्यापित्या घरची'. लग्नमंडपात भेटताच पहिले वाक्य वजनाविषयी. मुलगी आजाराने वाळली असली तरी 'किती छान बारीक झालीस' हे कौतुक तिच्या कानी पडते, आणि ते आजाराला खतपाणी ठरते. कुणी जेवेनासे झाले की आपण म्हणतो, 'अन्नावरची वासना उडाली.' हे वर्णन चुकीचे आहे. अनोरेक्सिया या ग्रीक नावाचा अर्थही 'भूक नसणे' असाच, आणि तेही नाव फसवे असल्याचे ब्रूख दाखवतात. वासना उडालेली नसते. दिवसभर मनात अन्नच असते आणि भुकेशी झुंज चाललेली असते.

आपल्या घरांत एक अडचण अधिक आहे. पिढ्या उलटल्या, बाजारात आणि कचेरीत बोली बदलली. मराठीपण उरले ते पुष्कळसे पानावर, गोड्या मसाल्यात आणि पुरणपोळीत. त्यामुळे सुट्टीला आलेल्या मुलीने 'भूक नाही' म्हटले, की तो घराचा अव्हेर वाटतो आणि रुसवेफुगवे होतात. तेच तिने संकष्टी, एकादशी, सोमवार असे उपास वाढवत नेले तर श्रद्धाळू म्हणून तिची वाखाणणी होते. उपासाला आमचा आक्षेप नाही. पण चंद्रोदयानंतर तो सुटतो का, ती आनंदाने पान वाढून घेते का, की तेव्हाही काही कारण निघते, हे घरच्यांनी पाहिले पाहिजे.

हा विकार मनोविकारांतील सर्वांत जीवघेण्या विकारांपैकी आहे, आणि वेळीच उपचार झाल्यास बराही होतो. म्हणून शंका येताच डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. ब्रूख यांनी घराला पिंजरा म्हटले. आम्ही एवढेच म्हणू, की त्याचे दार घरच्यांना उघडता येते. त्यासाठी पुढच्या भेटीत मुलांच्या वजनाविषयी काही न बोलता ती कशी आहेत, काय म्हणतात, हे आधी ऐकावे.