‘बत्तलोगेओ’ : बडबड की पुनरुक्ती?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात, प्रार्थना कशी करू नये हे सांगताना, ‘बत्तलोगेओ’ हे क्रियापद आले आहे. नव्या कराराच्या प्रमाण पाठात ते अन्यत्र आढळत नाही. बेझाच्या हस्तलिखितात लूकच्या अकराव्या अध्यायातही ते दिसते. परंतु तो मत्तयाचाच पडसाद होय. प्रयोग एकच असल्यामुळे अर्थनिर्णयाचा सारा भार व्युत्पत्तीवर व संदर्भावर पडतो.

हिरोडोटसने वर्णिलेल्या किरेनीच्या तोतऱ्या बत्तसाशी काहींनी या शब्दाचा संबंध जोडला. इतरांनी अरामी ‘बटल’ (व्यर्थ) या धातूकडे बोट दाखविले. ग्रीकमध्येच ‘बत्तरिझो’ म्हणजे तोतरे बोलणे हे क्रियापद असताना इतक्या लांब जाण्याचे प्रयोजन दिसत नाही. शब्द ध्वन्यनुकारी आहे. मराठीतील ‘बोबडा’, ‘बडबड’ हे शब्द याच रीतीने घडले आहेत.

१६११ च्या इंग्रजी भाषांतराने येथे ‘व्यर्थ पुनरुक्ती’ असा अर्थ केला, आणि घोटाळा झाला तो येथेच. पुनरुक्ती निषिद्ध मानली, की नामजप आपोआप दोषास्पद ठरतो. मुर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास बालपण घालविलेल्या गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) कीर्तनातील नामगजरही मग त्याच न्यायाने दोषी! पण मत्तयाच्याच सव्विसाव्या अध्यायात (वचन ४४) येशू तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना करतो. लेखकाने पुनरुक्तीच वर्ज्य मानली असती, तर हा उल्लेख तो असा सहज करता ना. शिवाय सातव्या वचनातच पुढे ‘पोलुलोगिया’, म्हणजे पुष्कळ बोलणे, हा शब्द आहे. सत्तरीच्या ग्रीक भाषांतरात नीतिसूत्रे १०:१९ येथेही तोच आढळतो. रोख शब्दांच्या राशीवर आहे. राशीमुळे देव ऐकेल, या समजुतीवर आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतराने हा रोख ओळखला, मात्र पहिल्या क्रियापदालाही ‘पुष्कळ बोलणे’ हाच पर्याय देऊन दोहोंतील भेद पुसला.

या कसोटीवर मराठी बायबलातील ‘व्यर्थ बडबड’ हा पर्याय इंग्रजीपेक्षा सरस ठरतो. त्यातील ‘व्यर्थ’ हे स्वतंत्र विशेषण मात्र मुळात नाही. आणि ‘बडबडी’त वाचाळपणा येतो, तरी मूळ शब्दातील अडखळ, अर्थ न फुटलेला नुसता ध्वनी, तिच्यात उतरत नाही, बडबड्या मुलाचे बोलणे आपल्याला पुरते कळत असते.